जिन्यावरचा नाच

झिपरीच्या अंगावर अडतीस पुड्या होत्या. रोज सकाळी त्या अडतीसच्या अडतीस सोडायच्या, केस विंचरायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि पुन्हा एकेक बट कागदात गुंडाळून वर रबर लावायचं, हे काम ताई तीस वर्षं करत आली होती. म्हणजे झिपरीचं नव्हे, झिपरी तर आज तीन वर्षांची झाली. त्याआधी तिच्या आईचं, आजीचं, पणजीचं, आणि मधेच एखाद्या मामाचं. यॉर्कशायर टेरियर म्हणजे मांडीवर मावेल एवढा जीव, पण केस मात्र पार जमिनीला टेकणारे. शोमध्ये उतरवायचं तर त्यातला एक तुटता कामा नये, म्हणून या पुड्या. नवखा माणूस घरात आला की आधी झिपरीकडे बघायचा, मग ताईकडे, आणि विचारायचा, "हिला लागलंय का काही?"

ताईची बोटं आताशा सकाळी वळत नसत. आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून बसायचं, मग पहिली पुडी. कंटाळा आला होता तिला, अगदी मनापासून कंटाळा आला होता. पण ही गोष्ट ती कुणाजवळ बोलत नव्हती, कारण बोलायला होता कोण, तर टकल्या.

टकल्या तिचा धाकटा भाऊ. अख्खं जग त्याला टकल्या म्हणायचं आणि तो बिनतक्रार ओ द्यायचा. डोक्यावर औषधाला केस नाही आणि जन्म गेला कुत्र्यांचे केस विंचरण्यात, हा विनोद तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पिल्लं जन्माला घालायची, वाढवायची, निवडायची ती ताईनं. रिंगणात दोरी धरून चालायचं ते टकल्यानं. गेल्या खेपेला झिपरीचा नंबर पुकारला तेव्हा ताईनं रिंगणाबाहेर उभं राहून इतक्या टाळ्या वाजवल्या होत्या की दोन दिवस पुड्या बांधता येईनात. येत्या रविवारी आणखी एकदा तिला पहिला नंबर मिळाला की झिपरी चॅम्पियन. मग पुढच्या माजाला तिला नराकडे न्यायचं, तिची पिल्लं घ्यायची. झिपरीच्या आईची तीन वेतं झाली होती, आणि तीनच्या वर वेत घ्यायचं नाही हा ताईचा कायदा होता. त्यामुळे आता पुढचं सगळं झिपरीवर होतं. तिला पिल्लं झाली तर घराणं चालणार, नाहीतर तीस वर्षांचा खेळ खलास.

ताईचे कायदे म्हणजे एक प्रकरणच होतं. मादीला दोन वर्षांच्या आत पिल्लं नकोत. अगदी लहान चणीच्या मादीला तर कधीच नकोत. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून हलणार नाही. बारा आठवड्यांनी ताई वेतातली पिल्लं टेबलावर मांडायची आणि ठरवायची, हे रिंगणातलं, हे घरातलं. घरातलं पिल्लू ज्यांना द्यायचं त्यांची ती अशी उलटतपासणी घ्यायची की मुलगी द्यायची झाली तरी कुणी इतकं विचारणार नाही. कुणी फोन करून "कपात मावेल असलं पिल्लू आहे का हो?" म्हणालं, की ती म्हणायची, "मग कपच पाळा की!" आणि फोन ठेवून द्यायची.

शेवटचा कायदा वाढदिवसाचा. ज्यांनी पिल्लू नेलं त्यांनी दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ताईला फोन करायचा आणि ताईनं वहीत नोंद करायची. जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या झाल्या होत्या. प्रत्येक पानावर तिनं स्वतः रेघा मारलेल्या. केसांचा रंग, केसांचा पोत, कान, दात, वजन. या वह्यांचा तिला फार अभिमान. टकल्या बाहेर सांगायचा, "पिल्लं विकणारे खंडीभर आहेत. विकलेल्या पिल्लाचा तीस वर्षं हिशोब ठेवणारी आमची ताई एकटी."

तर त्या दिवशी, वेताचा वाढदिवस म्हणून, साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. ताईची एकविसावी पुडी चालू होती. फोन कंडक्टरचा होता. हा बसवरून रिटायर झालेला माणूस, झिपरीचा सख्खा भाऊ त्यानं नेला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं डबल. का, तर दोनदा भुंकला की निघाला, डबल बेल दिल्यासारखा.

"ताई, आज आमच्या डबलचा हॅपी बर्थडे! पहिला फोन तुम्हाला."

"झाले का तीन! रंग कसा आहे सांगा. पाठीवरचा."

"निळा. म्हणजे काळपट निळा. पोलादाचा असतो ना, तसा."

"वा. कान?"

"दोन्ही उभे."

"दात? वजन?"

कंडक्टर चोख माणूस. त्यानं सगळं पाठ करून ठेवल्यासारखं धडाधड सांगितलं. ताई रकाने भरत गेली. वही मिटायला घेतली तेवढ्यात तो म्हणाला, "आणि ताई, नाचायचं त्याचं तसंच आहे बरं का. काही कमी नाही."

"नाचतो? कुठे?"

"जिन्यावर! सांगितलं नाही का तुम्हाला? आमचा जिना मोठा आहे ना. चढायला लागला की चारपाच पायऱ्या नीट चढतो, मग मागचा एक पाय असा पोटाशी घेतो आणि दोन उड्या. टुणटुण. मग पाय झटकतो, की पुन्हा नीट. आमची ही म्हणते, मागच्या जन्मी नर्तक होता. आल्यागेल्याला दाखवतो आम्ही."

ताईच्या हातातली वही अर्धवट मिटलेली तशीच राहिली.

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. तुम्ही विचारलं नाहीत कधी, म्हणून म्हटलं आपणच सांगावं."

"मस्त," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मस्त! तिला स्वतःचीच शिसारी आली.

कारण नाच कसला, तिला ऐकताक्षणी कळलं होतं. गुडघ्याची वाटी सरकते. लहान चणीच्या कुत्र्यांना होतं ते. वाटी खोबणीतून निसटली की पाय वर घ्यायचा, दोन उड्या मारायच्या, झटका दिला की वाटी परत जागेवर. हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. पिल्लांचे गुडघे तपासण्याचाही तिचा कायदा होता. बारा आठवड्यांचं पिल्लू झालं की म्हाताऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं, ते पाय दाबून बघायचे, म्हणायचे, "ठीक." मग ताई निर्धास्त. वाढल्यावर पुन्हा एकदा दाखवावं, हे काही तिला सुचलं नव्हतं. आणि वहीत? तिनं वही उघडली. चार वह्या उघडल्या. रंग, पोत, कान, दात, वजन. जी पिल्लं रिंगणात कधी जाणारच नव्हती, लोकांच्या घरात लोळायला गेली होती, त्यांना तीस वर्षं ही बाई रिंगणातले प्रश्न विचारत बसली होती. तुमचं कुत्रं जिना कसं चढतं, एवढं साधं विचारायचं एकदाही डोक्यात आलं नाही. हात जोडायला हवेत अशा अकलेला.

तिनं त्याच वेतातल्या दुसऱ्या पिल्लाच्या घरी फोन लावला. ती बाई शिवणकाम करायची, मागे मशिनचा आवाज चालू होता.

"एक विचारू का? तुमचा जिन्यावर नाचतो का हो?"

मशिन थांबलं. "अय्या, तुम्हाला कसं कळलं?"

तिसरं पिल्लू एका मुख्याध्यापिकाबाईंकडे होतं. त्यांच्या घरी जिना नव्हता. "नाच वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या, "आमची शिस्तीची आहे." आणि मग जरा थांबून, "सोफ्यावरून उतरली की मात्र एक पाय वर धरते थोडा वेळ. लाडात येते."

चारांपैकी तीन झाले. चौथी समोर बसली होती, निम्म्या पुड्या बांधलेली, निम्म्या सुटलेली.

झिपरीला जिना ठाऊक होता तो फक्त ताईच्या काखेतून. कुत्र्यांची खोली वर, टेबल खाली. रोज सकाळी तिला उचलून आणायचं, रोज संध्याकाळी उचलून न्यायचं. पुड्या पायऱ्यांना घासतील, केस तुटतील, म्हणून तीन वर्षांत तिचा पाय पायरीला लागू दिला नव्हता. सपाट फरशी, सपाट गालिचा आणि टेबल, एवढंच तिचं जग.

ताईनं बांधलेल्या वीस पुड्या सोडल्या. सगळे केस मोकळे केले. मग तिला जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं आणि स्वतः कठड्याला धरून वर गेली, सातव्या पायरीवर बसली. तिचे स्वतःचे गुडघे कुरकुरले ते वेगळंच.

"ये," ती म्हणाली.

झिपरी उभी राहिली, उचलून घेण्याची वाट बघत. तिला वाटलं असणार, बाईला झालंय काय आज!

"ये गं. चढ."

तिनं पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवले. मागे बघितलं. मग मागचे दोन. आणि मग तिला त्यातली गंमत कळली. शेपूट हलायला लागलं. दुसरी पायरी, तिसरी, केसांचा फराटा मागून येतोय, चौथी. पाचव्या पायरीवर झिपरीनं मागचा उजवा पाय पोटाशी घेतला. एक उडी. दोन. पाय झटकला, खाली टेकवला, आणि उरलेल्या पायऱ्या धावत चढून ताईच्या मांडीवर येऊन पडली. तोंड चाटायला लागली. इतकी खूश ती रिंगणातही कधी झाली नव्हती.

टकल्या बाहेरून आला तेव्हा ताई जिन्यावरच बसलेली होती.

"अगं, हे काय? केस मोकळे सोडून जिन्यावर? रविवार तोंडावर आलाय!"

ताईनं सांगितलं. कंडक्टरचं, शिवणवालीचं, मुख्याध्यापिकाबाईंचं, पाचव्या पायरीचं. टकल्यानं ऐकून घेतलं. मग तो तिसऱ्या पायरीवर, तिच्या पायाशी बसला.

"रिंगणात जिना नसतो, ताई," तो म्हणाला.

"घरात असतो."

"ऐक तर. जज तिला टेबलावर बघणार, मग गालिच्यावर दोन फेऱ्या. इतके दिवस कुणाला कळलं का? नाही ना? रविवारी पण कळणार नाही."

"मला कळलंय ना, टकल्या."

"एक वेत घेऊ. एकच! नर चांगल्या गुडघ्यांचा आहे. एखादं पिल्लू तरी नीट निघेल, ते ठेवू."

"आणि बाकीची?"

"बाकीची नेहमीसारखी देऊ घरांमध्ये."

"तेच म्हणतेय मी. घरांमध्ये. चांगलं ते आपल्याला रिंगणासाठी आणि मोडकं ते लोकांच्या पोरांना. त्यांनी काय घोडं मारलंय आपलं?"

टकल्याचा आवाज चढला. तो क्वचित चढायचा. "बाकीच्यांकडे जाऊन बघ! कुणी बघत नाही गुडघेबिडघे! वर्षाला दोन दोन वेतं काढतात, सात आठवड्यांत पिल्लू बाहेर. आणि आपण शहाणे! तीस वर्षं आपण हे करायचं, ते करायचं नाही, आणि शेवटी हातात काय? धुपाटणं?"

"ओरडू नकोस. ती घाबरते."

त्यानं झिपरीच्या डोक्यावरून हात फिरवला, सवयीनं एक बट बोटांवर घेऊन तिचा पोत बघितला. असला रेशमी पोत त्यांच्या घरात आजवर उतरला नव्हता.

"मला पण कंटाळा आलाय गं," तो म्हणाला. "तुला वाटतं तुलाच आलाय. पहाटे उठून गाडी काढायची, कुठल्या कुठल्या हॉलमध्ये दिवसभर उभं राहायचं. मी मनाशी ठरवलं होतं, ही एक चॅम्पियन झाली की ताईला सांगायचं, बास आता."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षं एका घरात राहून दोघांनी एकमेकांपासून हेच लपवून ठेवलं होतं.

"मग बासच की," ती म्हणाली. "चॅम्पियन नसताना बास म्हटलेलं चालत नाही का?"

तरी दुपारी ते डॉक्टरकडे गेले. म्हातारे डॉक्टर जाऊन आता तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई बसायची. तिनं झिपरीचा पाय हातात घेतला, अंगठा वाटीवर ठेवला, हलकेच बाजूला दाबलं. खट्. ताईला तो आवाज ऐकू आला नाही, पण डॉक्टरच्या चेहऱ्यावर दिसला. मग डावा पाय. तिथेही तेच, जरा कमी.

"लंगडते का अधूनमधून?"

"लंगडायला चालायला लागतं," ताई म्हणाली. "आम्ही हिला उचलूनच फिरवतो."

डॉक्टरीणबाईनं कागद पुढे ओढला. वजन वाढू देऊ नका, उड्या नकोत, जिना नको, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, वाढलं तर ऑपरेशन करू, असं तिनं कागदावर लिहून दिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पिल्लं मात्र नकोत."

"ते कळलं," टकल्या म्हणाला.

"त्यांना दुखतं का हो?" ताईनं विचारलं. "पाय वर घेतात तेव्हा?"

"वाटी सरकते तेव्हा दुखतं. परत बसली की राहतं. ही एवढीशी कुत्री फार सोसतात, दाखवत नाहीत. म्हणून तर घरच्यांना कळत नाही."

घरी आल्यावर टकल्यानं कपाटातून मोठी कात्री काढली. "रिंगणात मी नेली, कापतोही मीच," असं म्हणाला खरा, पण कात्री केसांत घातली आणि तसाच उभा राहिला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. शेवटी ताईनं त्याच्या हातातून कात्री घेतली. पाठीच्या मधोमध भांग होता, तिथून तिनं सुरुवात केली. तीन वर्षांचे केस टेबलावरून घसरून खाली पडत गेले, एवढ्या गुळगुळीत केसांना आवाज कुठला असायला! तिची बोटं त्या दिवशी पहिल्यांदा जराही दुखली नाहीत, आणि त्याचंच तिला रडू आलं. ती उघडउघड रडली. टकल्या खाली वाकून सकाळची रबरं गोळा करत होता आणि डबीत भरत होता, जणू उद्या लागणारच आहेत.

कापून झाल्यावर झिपरीनं अंग झाडलं. केस गेल्यावर केवढीशी उरली होती ती! कान आणि डोळे, बाकी काहीच नाही. टेबलावरून उतरवलं तशी ती खोलीभर भिरभिरली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मग तिथून पुन्हा. मग थेट जिन्याकडे गेली आणि पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून मागे वळून ताईकडे बघायला लागली.

"आता गं काय करू तुला," ताई म्हणाली. टकल्यानं एक फळी आणून जिन्याला आडवी लावली.

मग ताईनं वही घेतली, रंग-पोत-कानांच्या शेजारी पट्टीनं एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, जिना. चार वह्यांत मिळून जी जी जिवंत होती त्या सगळ्यांना फोन करायचे होते. पहिला कुणाला, हे ठरलेलं होतं. तिला तो करायचा नव्हता. शिवणवालीला आधी करावा, मुख्याध्यापिकाबाईंना करावा, असं मनात येऊन गेलं, पण "मस्त" म्हणाली होती ती कंडक्टरला.

"ताई! पुन्हा? काही राहिलं का लिहायचं?"

तिनं सरळ सांगितलं. वाटी, खोबण, डॉक्टर, वजन, जिना बंद. उपचाराचं काय ते मी बघते, माझी जबाबदारी आहे ती, हेही सांगितलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. आणि सकाळी कळलं तेव्हा बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

पलीकडे डबल दोनदा भुंकला.

"म्हणजे तो नाचत नव्हता," कंडक्टर म्हणाला.

"नाही."

"दुखत होतं त्याला."

"हो. तेवढ्यापुरतं."

"आम्ही टाळ्या वाजवायचो हो, ताई." म्हातारा म्हणाला. "दोन वर्षं. तो पाय वर घ्यायचा आणि आम्ही दोघं खाली उभे राहून टाळ्या वाजवायचो. आणि टाळ्या ऐकल्या की तो पुन्हा खाली यायचा आणि पुन्हा चढायचा."

ताईनं फळीकडे बघितलं. फळीच्या अलीकडे झिपरी बसली होती, मान वर करून.

"मीपण वाजवल्या," ती म्हणाली. "तुम्ही त्याला उचलून घ्या आता. मीही हिला घेते."